स्ट्रिपवर रक्त, काचेवर काहीच नाही

कोऱ्या चहाच्या रंगाची लघवी लॅबमध्ये आली की टेक्निशियन आधी कावीळच धरतात. आमच्या तालुक्याच्या गावात पावसाळ्यात ते बहुतेकदा बरोबरही असतं. हा विशीतला मुलगाही कावीळ म्हणूनच आला होता, हातात एसजीओटी, म्हणजे यकृताच्या तपासणीत मोजतात ते विकर, वाढल्याचा बाहेरचा रिपोर्ट. पण डोळे पांढरे होते आणि लघवीच्या स्ट्रिपवर काविळीचं पिवळं द्रव्य, बिलिरुबिन, निल. रक्ताचा चौकोन मात्र गडद हिरवा झाला.

नमुना फिरवून गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तांबड्या पेशी जवळपास नव्हत्याच. स्ट्रिप ओळखते ते हीम, म्हणजे लोह असलेला लाल घटक, आणि हीम हिमोग्लोबिनसारखंच स्नायूंतल्या मायोग्लोबिनमध्येही असतं. रक्तपेशी अंगातच फुटल्या असत्या तर सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारं पाणी, गुलाबी दिसलं असतं. याचं स्वच्छ पिवळसर होतं. मायोग्लोबिनचा रेणू लहान, रक्तात फार न साठता मूत्रपिंडातून गाळून बाहेर पडतो.

मी बाहेर गेले. बाकावर बसताना तो दोन्ही हातांनी कड धरत होता.

"मांड्या दुखतायत का रे?"

"हो मॅडम. पोलीस भरतीची तयारी चाललीय. परवा पैज लागली, पाचशे बैठका मारल्या."

"आधी किती मारायचास?"

"मारायचो नाही. नुसतं पळायचो."

वर मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून खाल्ल्या होत्या. अशा वेळी त्या मूत्रपिंडाला आणखी घातक.

बैठकीत खाली जाताना मांडीचा पुढचा स्नायू जोर लावत असतानाच लांबत असतो. सवय नसलेल्या स्नायूला हेच सर्वांत जड जातं. स्नायूचा प्रत्येक तंतू म्हणजे अनेक केंद्रकं असलेली एकच लांब पेशी. तिच्यात जेमतेम अडीच मायक्रॉन लांबीच्या सार्कोमिअरांची, म्हणजे आकुंचन पावणाऱ्या कप्प्यांची, रांग असते आणि त्यांत अॅक्टिन-मायोसिनचे धागे एकमेकांवर सरकतात. अति ताणाने ही रचना उसवते, पेशीचं आवरण फाटतं, बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं. कॅल्शियम हाच आकुंचनाचा इशारा. तो थांबलाच नाही तर तंतू एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, संपेपर्यंत आखडत राहतो आणि पेशीतलीच विकरं तिला पचवू लागतात. मग मायोग्लोबिन, पोटॅशियम, सीपीके हे स्नायूतलं विकर, सगळं रक्तात येतं. एसजीओटीही स्नायूत असतं. यकृतावर उगाच आळ आला होता.

सीपीके मशीनने आधी दाखवलंच नाही, मर्यादेपलीकडे गेलं. सीरम पातळ करून पुन्हा लावलं: ६२,०००. एरवी ते दोनशेच्या आसपास असतं. पोटॅशियम ५.९, मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन २.१, दोन्ही वाढलेली. रिपोर्ट छापायला न थांबता फिजिशियनना फोन केला. १९४१ मध्ये लंडनच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली सापडलेली माणसं बाहेर काढल्यावर मूत्रपिंड बंद पडून दगावली, ती याच वाटेने. बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी ते नोंदवून ठेवलं आहे.

भरतीच्या मैदानावर प्रत्येक पोराला हे ठाऊक असायला हवं, असं मला कळकळीने वाटतं. व्यायामानंतर अंग दुखणं वेगळं. लघवी काळपट झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

त्याला भरपूर सलाइन दिलं. डायलिसिसची वेळ आली नाही. येणारे नमुने फिकट होत गेले, क्रिएटिनिनही उतरलं. स्नायूचा तंतू स्वतः विभागत नाही, पण त्याच्या कडेला निपचित असलेल्या उपग्रह पेशी इजा झाली की जाग्या होतात, वाढतात आणि तुटलेला तंतू पुन्हा बांधतात. पुढच्या महिन्यात तो आला तेव्हा सीपीके १७० होतं. फिजिशियननी पळायला परवानगी दिली आणि बैठका दहापासून सुरू करायला सांगितल्या.