वणव्यात भाजलेलं मॅग्नेट पुन्हा चार्ज केलं, त्याची गोष्ट

फेब्रुवारीत बांधावरून वणवा गेला आणि ओढ्याकाठची पंपाची शेड जळाली. रॉकेलवरच्या जुन्या इंजिनाचं लोखंड वाचलं. कॉइल, प्लगची वायर, ऑइल सील गेले. ते सगळं नवं बसवलं, तरी ठिणगी येईना. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, उतरवून ज्याच्या जोरावर ठिणगी पडते त्या आतल्या मॅग्नेटला पाना टेकवला, तर तो घसरून खाली पडला.

मॅग्नेट काळपट आणि चिनी मातीसारखे ठिसूळ, म्हणजे फेराइट, लोखंडाच्या ऑक्साइडची भाजून केलेली सिरॅमिक. हे कळल्यावर जीव भांड्यात पडला. फेराइटचं चुंबकत्व ४५० अंशांच्या आसपास पुरतं जातं, पण पदार्थ तोच राहतो आणि त्यात चुंबकत्व पुन्हा भरता येतं, म्हणजेच तो चार्ज करता येतो. फ्लायव्हीलचं ओतीव ॲल्युमिनियम पाघळलं नव्हतं, म्हणजे आग त्याहून फार वर गेली नसणार. तापलेल्या चाकावर कुणी पाणी मारलं नाही हेही नशीब, नाहीतर मॅग्नेट तडकलेच असते.

गावात सल्ल्यांना तोटा नव्हता. जुन्या स्पीकरच्या मॅग्नेटवर घासा म्हणे! फेराइट पूर्ण चार्ज व्हायला साधारण १०,००० गॉसचं चुंबकी क्षेत्र लागतं (गॉस हे त्याचं माप). घासून ते कुठून येणार?

शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरात मॅग्नेट चार्ज करून देणारे एक काका सापडले. त्यांनी चाक हातात घेऊन पहिल्यांदा विचारलं, "कुठला पोल उत्तर, कुठला दक्षिण?" होकायंत्र लावलं, सुई ढिम्म. "मग ह्याच मॉडेलचं चांगलं चाक घेऊन या. एक पोल जरी उलटा भरला, तर शेजारचा त्याला खातोय."

खरी धावपळ झाली ती या दुसऱ्या चाकासाठी. भावकीतल्या एकाचं मिळालं. किल्लीची खाच जुळवून काकांनी खडूने खुणा केल्या. चार्जिंग मात्र चुटकीसरशी: मॅग्नेटला लोखंडी पोल भिडवले, जाड तारेच्या कॉइलमधून डीसी करंट सोडला, ठक्क, की पुढचा. आता पाना ओढून काढावा लागत होता.

माझ्यानंतरच्या गिऱ्हाइकाच्या जुन्या मॅग्नेटोत, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्रात, अल्निकोचं (ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट असलेल्या मिश्रधातूचं) मॅग्नेट होतं. ते चार्ज झाल्यावर काकांनी पोलांवर लोखंडी पट्टी आडवी ठेवूनच त्याच्या हातात दिलं आणि बजावलं, "बसवेपर्यंत पट्टी काढायची नाही. हे उघडं राहिलं की उतरतंय."