लढत सर्वांची, आवाज ज्याचा त्याचा

निन्टेन्डो या जपानी व्हिडिओ गेम कंपनीच्या 1990 सालच्या ‘एफ-झीरो’ या शर्यतीच्या गेममध्ये कॅप्टन फाल्कन नावाचा एक चालक होता, पण शर्यतीत खेळणाऱ्याला दिसायचे ते केवळ त्याचे निळे यान. तो चालतो कसा, मारतो कसा, रागावल्यावर ओरडतो कसा, हे ठरवण्याची वेळच कोणावर आली नव्हती. 21 जानेवारी 1999 रोजी जपानमध्ये निन्टेन्डो 64 या कन्सोलवर ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ आला आणि हा चालक यानातून उतरून मारियोसमोर उभा राहिला. त्याला आवाज दिला र्‍यो होरिकावा यांनी, म्हणजे ‘ड्रॅगन बॉल’मधील व्हेजिटाचा जपानी आवाज असलेल्या कलाकाराने. त्यांची ‘फाल्कन पंच’ ही आरोळी आज त्या पात्राची ओळख झाली आहे. मूळ शर्यतीचा गेम न पाहिलेल्या माणसालाही ती ठाऊक असते.

क्रॉसओव्हर फायटिंग गेम म्हणजे वेगवेगळ्या मालिकांतली पात्रे एका आखाड्यात आणणारा गेम. त्यात कोण कोण असावे यावर चाहते वर्षानुवर्षे चर्चा करतात, पण ती पात्रे कोणाच्या आवाजात बोलतील हा प्रश्न मला त्याहून अधिक महत्त्वाचा वाटत आला आहे. या प्रश्नाला स्मॅशने जे उत्तर दिले ते म्हणजे एकच नियम न लावणे. प्रत्येक पात्राला त्याच्या स्वतःच्या इतिहासाप्रमाणे आवाज मिळाला, मग संपूर्ण यादी कितीही विसंगत का दिसेना. या विसंगतीतच त्या मालिकेचा प्रामाणिकपणा आहे असे माझे मत आहे, आणि ते का, हे समजण्यासाठी गेम घडला कसा तिथून सुरुवात करावी लागते.

या गेमचे पहिले रूप क्रॉसओव्हर नव्हतेच. जपानमधील यामानाशी प्रांतात हाल लॅबोरेटरी ही कंपनी होती आणि तिथे कर्बी या गोलमटोल गुलाबी पात्राचा निर्माता मासाहिरो साकुराई काम करत होता. त्याने चार जणांनी एकत्र खेळण्याच्या लढाईचा एक प्रयोग मांडला. आराखडा, पात्रांची मॉडेल्स आणि त्यांच्या हालचाली त्याने स्वतः केल्या आणि प्रोग्रॅमिंग केले सातोरु इवाता यांनी, तेही शनिवार-रविवारी, कारण एरवी ते त्या कंपनीचे अध्यक्ष होते. कंपनीच्या परिसराचे नाव र्‍यूओ, म्हणजे ‘ड्रॅगनचा राजा’, म्हणून प्रयोगाचे नावही ‘ड्रॅगन किंग’ पडले. त्यातल्या योद्ध्यांना चेहरे नव्हते. अनेक वर्षांनी साकुराईने आपल्या यूट्यूब वाहिनीवर त्या प्रयोगाचे चित्रण दाखवले, तेव्हा त्या बिनचेहऱ्याच्या आकृतींच्या हालचालींत पुढचा स्मॅश स्पष्ट ओळखू येत होता.

त्यामागचा विचार साकुराईने पुढे अनेकदा सांगितला आहे. तो एका आर्केडमध्ये ‘किंग ऑफ फायटर्स 95’ खेळत होता आणि समोरच्या यंत्रावरच्या खेळाडूला त्याने अगदी सहज हरवले. नंतर पाहतो तर तिथे खेळात नवखे असलेले एक जोडपे बसलेले होते. आपल्या कौशल्यामुळे कोणाची तरी आनंदाची वेळ वाया गेली, ही जाणीव त्याला स्वस्थ बसू देईना. त्यातून जो गेम आला त्यात शक्तीची पट्टी रिकामी होत नाही. मार बसला की टक्केवारी वाढते, टक्केवारी वाढेल तसा योद्धा अधिक दूर फेकला जातो, आणि रिंगणाबाहेर गेला की बाद होतो. कळांचे लांबलचक क्रम पाठ करण्याची गरज उरत नाही.

परंतु घरी बसून खेळणाऱ्याला बिनचेहऱ्याच्या अनोळखी पात्रांविषयी आपुलकी कशी वाटावी? साकुराईला उत्तर सुचले ते निन्टेन्डोच्या ओळखीच्या पात्रांचे. आधी परवानगी मागितली तर नकार येईल अशी धास्ती होती, म्हणून मारियो, डाँकी काँग, सॅमस आणि फॉक्स या चौघांना घेऊन खेळता येण्याजोगा आणि नीट तोललेला नमुना तयार करून मगच तो निन्टेन्डोला दाखवण्यात आला. पहिल्या गेममध्ये पात्रे होती केवळ 12. अपेक्षा माफक असूनही जगभरात त्याच्या 50 लाखांहून अधिक प्रती खपल्या.

त्या बाराजणांच्या आवाजांकडे पाहिले तर पुढच्या सगळ्या गुंत्याची बीजे तिथेच सापडतात. मारियोचा आवाज चार्ल्स मार्टिने यांचा, आणि तो बहुतांशी ‘सुपर मारियो 64’साठी आधीच ध्वनिमुद्रित झालेला. लुइजीला स्वतंत्र आवाज न देता मारियोच्याच आरोळ्यांचा वेग आणि स्वर वाढवून त्याचे काम भागवले गेले. पिकाचूसाठी इकुए ओतानी यांचा आवाज होता, जो जगात कुठेही बदलत नाही. आपल्याकडे पोकेमॉन मालिका हिंदीत डब होऊन टीव्हीवर दिसत असे तेव्हाही बाकीची पात्रे हिंदी बोलत आणि पिकाचू मात्र ओतानींच्याच आवाजात. कर्बी तोवर मुकाच होता. त्याला पहिल्यांदा आवाज मिळाला तो या गेममध्ये, माकिको ओमोतो यांचा, आणि पुढे कर्बीच्या स्वतःच्या गेममध्ये व अॅनिमे मालिकेत तोच आवाज कायम राहिला. त्याच ओमोतोंनी नेस या मुलालाही आवाज दिला.

म्हणजे काही पात्रे आपला आवाज बरोबर घेऊन आली, तर काहींना तो येथेच लाभला आणि इथून तो त्यांच्या मूळ घरी गेला. पाहुणा म्हणून आलेल्याला यजमानाच्या घरी वाचा फुटावी, ही गोष्ट मला या मालिकेत सर्वांत विलक्षण वाटते. शिवाय कर्बी प्रतिस्पर्ध्याला गिळून त्याची शक्ती घेतो, तेव्हा फाल्कनला गिळलेला कर्बी ‘फाल्कन पंच’ची आरोळी ओमोतोंच्या कोवळ्या आवाजात ठोकतो. एका खेळकर कल्पनेसाठी दुसऱ्या कलाकाराची ओळ पुन्हा नव्याने मुद्रित करायची, इतकी निगा 1999 सालीही घेतली जात होती.

फायटिंग गेमचे ध्वनिमुद्रण चित्रपटाच्या डबिंगपेक्षा फार वेगळे असते. इथे प्रसंग नसतो, समोर सहकलाकार नसतो आणि बहुतेक वेळा शब्दही नसतात. हलका ठोसा, जोरदार ठोसा, उडी, हलका मार, जबर मार, लांब फेकले जाणे, डुलकी, भोवळ, विजय अशा एकेका क्रियेसाठी क्षणभराचा आवाज काढायचा आणि तो अनेक प्रकारे काढायचा, कारण खेळणारा तोच ठोसा शेकडो वेळा मारणार असतो आणि एकच आरोळी सतत ऐकू आली तर कान विटतात. त्यात चार जण एकाच वेळी लढत असतात, 2014 च्या ‘वी यू’ कन्सोलवरच्या आवृत्तीपासून तर आठ जणही. त्या गोंगाटात कोणाला मार बसला हे डोळ्यांआधी कानांना कळले पाहिजे. अर्ध्या सेकंदात पात्राचे वय, स्वभाव आणि वेदना पोहोचवणारा कलाकार किती मोठे काम करतो याची दखल फारशी घेतली जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

2001 साली आलेल्या ‘मेली’मध्ये, म्हणजे दुसऱ्या स्मॅशमध्ये, भाषेचा प्रश्न प्रथमच ठळकपणे समोर आला. ‘फायर एम्ब्लेम’ ही मालिका तोवर जपानबाहेर प्रकाशित झालेली नव्हती, तरीही तिच्यातले मार्थ आणि रॉय हे दोघे गेमच्या परदेशी आवृत्तीतही राहिले आणि जपानीच बोलत राहिले. मार्थचा आवाज हिकारू मिदोरिकावा यांचा, रॉयचा जुन फुकुयामा यांचा. रॉयचे प्रकरण तर आणखी वेगळे, कारण त्याचा स्वतःचा गेम जपानमध्ये 2002 साली आला. जगाने त्याला आधी ऐकले ते स्मॅशमध्ये. अर्थ न कळणाऱ्या भाषेत विजयाची वाक्ये बोलणारे हे दोन तरुण कोण, या कुतूहलाने अमेरिका-युरोपातले खेळाडू त्या मालिकेकडे वळले आणि 2003 पासून ती तिकडे प्रकाशित होऊ लागली. घाईघाईने त्यांच्या तोंडी इंग्रजी घातली असती तर ते कुतूहल इतके टिकले असते असे मला वाटत नाही. स्मॅशमध्ये इंग्रजी आवाज त्यांना मिळाला तो थेट 2018 च्या ‘अल्टिमेट’ या आवृत्तीत.

साकुराईने 2003 साली हाल लॅबोरेटरी सोडली. इवाता तोवर निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले होते. 2005 च्या ई3 या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात त्यांनी नव्या कन्सोलसाठी स्मॅश येणार असल्याचे सांगून टाकले आणि साकुराईला त्याबद्दल विचारले ते त्यानंतर. 2008 साली आलेल्या त्या ‘ब्रॉल’मध्ये प्रथमच निन्टेन्डोबाहेरची पात्रे आली, सॉलिड स्नेक आणि सॉनिक. स्नेकचा निर्माता हिदेओ कोजिमा याने आपल्या पात्राला घ्यावे म्हणून आग्रह धरला होता. इंग्रजीत डेव्हिड हेटर आणि जपानीत अकिओ ओत्सुका या स्नेकच्या प्रस्थापित कलाकारांनाच घेण्यात आले, आणि ते केवळ आरोळ्यांसाठी नव्हते. ‘मेटल गिअर सॉलिड’मध्ये असतात तशी रेडिओवरची संभाषणे इथेही होती आणि त्यांत स्नेक समोरच्या प्रतिस्पर्ध्याविषयी आपल्या सहकाऱ्यांशी बोलत असे. पुढे 2015 च्या ‘मेटल गिअर सॉलिड 5’साठी इंग्रजीत किफर सदरलँड हे प्रसिद्ध अभिनेते आले, पण अल्टिमेटमधला स्नेक पुन्हा हेटर यांच्याच आवाजात ऐकू आला. ज्यांनी ते पात्र घडवले त्या आवाजाचा हा मान होता असे मी समजतो.

इवाता यांचे 11 जुलै 2015 रोजी निधन झाले. अल्टिमेट ही त्यांनी आपल्यावर सोपवलेली शेवटची कामगिरी होती, असे साकुराईने म्हटले आहे. 7 डिसेंबर 2018 रोजी आलेल्या या गेममध्ये आधीच्या सर्व आवृत्त्यांतला प्रत्येक योद्धा परत आला आणि नंतरही पात्रे वाढत जाऊन ऑक्टोबर 2021 मध्ये 82 व्या क्रमांकावर ‘किंगडम हार्ट्स’च्या सोराशी यादी संपली. एकेका पात्रामागे एकेक मालक कंपनी, तिची मान्यता, तिचे संगीत आणि तिचा आवाज. ‘फायनल फॅन्टसी 7’चा क्लाउड सगळ्या देशांत ताकाहिरो साकुराई यांच्या जपानी आवाजात बोलतो, पण त्याचा वैरी सेफिरोथ जपानीत तोशियुकी मोरिकावा यांच्या, तर इंग्रजीत जॉर्ज न्यूबर्न यांच्या आवाजात. बेयोनेटा आणि र्‍यू हेही गेमच्या भाषेप्रमाणे बदलतात. ‘माइनक्राफ्ट’चा स्टीव्ह मूळ खेळात बोलत नाही म्हणून इथेही बोलत नाही. त्याच्या ठोकळे रचण्याच्या कौशल्यासाठी गेममधल्या सगळ्या रिंगणांत फेरबदल करावे लागले, तरी तोंडी एक शब्द घातला गेला नाही, आणि तो निर्णय मला अतिशय योग्य वाटतो. नोव्हेंबर 2019 मध्ये टेरी बोगार्डही आला, ‘किंग ऑफ फायटर्स’मधलाच. ज्या खेळाने साकुराईला वेगळा विचार करायला लावला, त्याच खेळातला हा योद्धा.

या सर्वांची नावे पुकारणाऱ्याविषयीही लिहायला हवे. 2014 पासून इंग्रजीतला निवेदक आहे झँडर मोबस. ‘पर्सोना 5’मधल्या जोकरचा इंग्रजी आवाजही त्याचाच. एप्रिल 2019 मध्ये जोकर स्मॅशमध्ये दाखल झाला आणि मोबस स्वतःच्याच पात्राचे नाव पुकारू लागला. जपानीत जोकरचा आवाज जुन फुकुयामा यांचा, म्हणजे रॉयचाच कलाकार, त्यामुळे तिकडे एकाच माणसाचे दोन आवाज आमनेसामने उभे राहू शकतात. शिवाय निवेदकाला प्रत्येक भाषेत नावेही वेगळी घ्यावी लागतात: पोकेमॉनमधली इंग्रजीतली जिग्लीपफ जपानीत पुरीन होते आणि फ्रेंचमध्ये रोंदुदू.

आवाजाशिवाय काय घडते हे ‘निकेलोडियन ऑल-स्टार ब्रॉल’ने दाखवले. ऑक्टोबर 2021 मध्ये तो आला तेव्हा स्पाँजबॉबसारखी टीव्हीवरची पात्रे त्यात होती, पण त्यांना आवाज नव्हते. ज्यांना लोकांनी वर्षानुवर्षे ऐकले त्यांनी मुकाट्याने लढावे, ही उणीव खेळणाऱ्यांना पहिल्याच दिवशी जाणवली, आणि जून 2022 मध्ये आवाज घालण्यात आले. त्याच वर्षी जुलैमध्ये खुल्या चाचणीसाठी आलेला ‘मल्टिव्हर्सस’ याच्या अगदी उलट होता. वॉर्नर ब्रदर्सच्या पात्रांच्या या गेममध्ये बॅटमॅनला केव्हिन कॉनरॉय, शॅगीला मॅथ्यू लिलार्ड, आर्या स्टार्कला मेझी विल्यम्स अशी माहितीची माणसे घेतली होती आणि ती पात्रे लढता लढता एकमेकांना उद्देशून बोलत. अशा संवादांचा खर्च फार मोठा असतो, कारण नवे पात्र आले की त्याच्याशी बोलण्यासाठी जुन्या कलाकारांना पुन्हा माइकसमोर आणावे लागते.

कॉनरॉय 10 नोव्हेंबर 2022 रोजी गेले. त्यांनी मुद्रित केलेले संवाद गेममध्ये राहिले, आणि 30 मे 2025 रोजी मल्टिव्हर्ससची ऑनलाइन सेवा बंद झाली. होरिकावांच्या फाल्कनसारख्या आरोळ्या दोन दशके टिकतात, तर काही संवादांना तीन वर्षेही मिळत नाहीत. मार्टिने यांनीही ऑगस्ट 2023 मध्ये मारियोचे काम थांबवले आणि त्याच वर्षीच्या ‘सुपर मारियो ब्रदर्स वंडर’पासून केव्हिन अफगाणी यांनी ते हाती घेतले. एखाद्या माणसाची साठवलेली आरोळी पुन्हा पुन्हा वापरणे ही या गेम-प्रकाराची जुनी रीत आहे, पण आता संगणक त्या साठ्यातून नवी वाक्येही घडवू शकतो. अमेरिकेतल्या कलाकारांच्या संघटनेने जुलै 2024 पासून जवळपास वर्षभर व्हिडिओ गेम कंपन्यांविरुद्ध संप केला तो मुख्यतः याच प्रश्नावर. पुढचा स्मॅश कोणीही बनवो, जुन्या मुद्रणांचा वापर कलाकारांना विचारून आणि त्यांना मोबदला देऊन व्हावा, आणि ज्या पात्राला नवे वाक्य हवे असेल त्याच्यासाठी माणसालाच माइकसमोर उभे करावे, असे मला ठामपणे वाटते.