मेक एचटीएमएल मारलं आणि फोल्डर रिकामं

गेल्या पावसाळ्यातला शुक्रवार. अंधेरी ईस्टला आमचं ऑफिस, शुक्रवारी दुपारनंतर ज्याला जे ओपन सोर्सचं (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं) काम करायचंय ते करू देतात, तेवढं एक बरं आहे आमच्याकडे. मी एका छोट्या पायथन लायब्ररीला (पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या तयार कोडच्या संचाला) हातभार लावते, जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतांत) बदलणारी. दिसतं तेवढं सोपं नाहीये ते. जुन्या फॉन्टात 'किती' लिहिताना वेलांटी क च्या आधी टाइप करायचे, युनिकोडमध्ये ती क च्या नंतर साठवली जाते, आणि रफाराचं बरोबर उलटं, 'कर्म'मधला रफार आधी म च्या नंतर यायचा, आता र म च्या आधी बसतो. त्यामुळे बदललेली प्रत्येक फाइल माणसानेच डोळ्याखालून घालावी लागते. अशा 61 फायली मी बोरिवली लोकलमध्ये (सीट मिळाली तर) आणि रात्री जेवणं उरकल्यावर बसून तपासल्या होत्या.

आता डॉक्युमेंटेशनची, म्हणजे लायब्ररी कशी वापरायची ते सांगणाऱ्या पानांची, पाळी. तोवर सगळी पानं हाताने लिहिलेली, अर्धी जुनी झालेली. म्हटलं स्फिंक्स लावू. पायथनच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनसाठी गेऑर्ग ब्रांडलने बनवलेलं, अशी पानं तयार करणारं टूल, 2008 पासून आहे, म्हणजे भरवशाचं. स्फिंक्सच्या एपीआयडॉकने प्रत्येक मॉड्यूलचं (कोडच्या फाइलचं) पान पाडलं, कोडमधली वर्णनं पानात आणणारं ऑटोडॉक चालू केलं, वेब पानं बनवणारी मेक एचटीएमएल ही कमांड मारली. बिल्ड सक्सीडेड. पानं पण काय सुंदर आली, देवनागरी उदाहरणं वगैरे. खूश होऊन खाली कटिंग प्यायला गेले.

वर येऊन टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणाऱ्या) चालवल्या तर सगळ्या लाल, म्हणजे नापास. तपासलेल्या फायलींचं फोल्डरच रिकामं. गिटमध्ये (फायलींच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या टूलमध्ये) बघावं तर ते फोल्डर गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने दुर्लक्ष करायच्या यादीत, आणि ते टाकणारी मीच, 'पूर्ण झाल्यावर एकदमच कमिट करू' (गिटमध्ये साठवू) म्हणून. पोटात गोळा.

अर्ध्या तासाने सापडलं. पॅकेजमध्येच एक जुनी साफसफाईची स्क्रिप्ट पडलेली, आउटपुट फोल्डर (तेच, तपासलेल्या फायलींचं) पुसून टाकणारी, आणि पुसण्याची ओळ फंक्शनमध्ये (बोलावल्यावरच चालणाऱ्या तुकड्यात) नाही, थेट फाइलमध्ये उघडी. मला आपलं वाटायचं की ऑटोडॉक कोड वाचतं. नाही हो, ते मॉड्यूल चक्क इम्पोर्ट (आत लोड) करतं, आणि पायथनमध्ये इम्पोर्ट म्हणजे वरच्या पातळीवरचा, फंक्शनच्या बाहेरचा, कोड चालणारच. पाककृतीचं पुस्तक छापायला द्यावं आणि छापखान्यात गॅस पेटावा, तसं. डॉक्सिजनसारखी डॉक्युमेंटेशनची टूलं सोर्स (मूळ कोड) नुसता वाचतात, हे तसलं नव्हे. गंमत म्हणजे ही सूचना स्फिंक्सच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलीये. डॉक्युमेंटेशन बनवणाऱ्या बाईने डॉक्युमेंटेशन वाचलं नव्हतं.

त्याहून कहर, त्या स्क्रिप्टचंही पान नीट जनरेट झालं होतं. वर डॉकस्ट्रिंग, म्हणजे कोडमध्येच लिहिलेलं वर्णन: 'चालवण्याआधी बॅकअप घ्या.'

मग डोंबिवलीच्या काकांना फोन. निवृत्त प्रूफरीडर, आमच्या प्रोजेक्टचे सगळ्यात कडक तपासनीस. "काका, मी तुम्हाला मेल केलेल्या फायली आहेत का हो अजून?"

"अगं, मी मेल कधी डिलीट करतो का? मला ते जमतच नाही."

44 मिळाल्या, त्याही काकांच्या दुरुस्त्यांसकट. 17 गेल्या त्या गेल्याच.

त्याच संध्याकाळी स्क्रिप्ट पॅकेजच्या बाहेर काढली, पुसण्याचा कोड नेम-मेनवाल्या इफच्या (फाइल थेट चालवली तरच लागू होणाऱ्या अटीच्या) आत टाकला म्हणजे इम्पोर्ट केल्यावर चालणार नाही, आणि डॉक्सचं बिल्ड आता वेगळ्या क्लोनमध्ये (प्रोजेक्टच्या दुसऱ्या प्रतीत) करते. फोल्डर गिटइग्नोरमधून काढलं हे सांगायला नकोच. 17 पैकी 11 परत तपासून झाल्यात, एकेक करून, फास्ट सोडून मुद्दाम स्लो पकडते म्हणजे बसायला मिळतं.