यूएल्मची ॲलिस, वरची आणि खालची

चर्चच्या फरशीवर मी उताणी पडले, तेव्हा नवरा दाराकडे बघत कुजबुजला, "अगं ऊठ, कोणी येईल!" पण इलाज नव्हता. ज्या चित्रासाठी आलो होतो ते ॲलिसच्या थडग्याच्या आतल्या छताला आहे, तेही जमिनीपासून जेमतेम हातभर उंचीवर.

यूएल्म हे ऑक्सफर्डच्या आग्नेयेला, चिल्टर्न टेकड्यांच्या पायथ्याचं छोटं गाव. इथलं सेंट मेरी चर्च ॲलिस आणि तिचा तिसरा नवरा, सफोकचा ड्यूक विल्यम द ला पोल यांनी पंधराव्या शतकात जवळजवळ नव्यानं बांधलं. बुरूज तेवढा जुना. आत शिरलं की नजर थेट वेदीपर्यंत जाते, कारण मधे दगडी कमान नाही, नुसती लाकडी जाळी. बाप्तिस्म्याच्या कुंडावरचं कोरीव लाकडी झाकण तर देवळाच्या शिखरासारखं वर चढत गेलंय. झाकण म्हणायलाही जीभ अडखळते.

ॲलिस ही कवी जेफ्री चॉसरची नात. तिचे आईवडील पलीकडच्याच थडग्यात आहेत, वर पितळी आकृत्या. विल्यमचा १४५० मध्ये समुद्रावर शिरच्छेद झाला. ती त्यानंतर पंचवीस वर्षं जगली आणि १४७५ मध्ये गेली.

तिचं थडगं अलाबास्टरचं आहे. हा मऊ, दुधी दगड. वर ॲलिस हात जोडून पहुडलेली, डोक्यावर डचेसचा मुकुट, डाव्या हाताला गार्टरचा, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च सरदारी सन्मानाचा पट्टा. हा बहुमान बाईच्या अंगावर क्वचितच दिसतो. चेहरा वयस्कर, शांत, थोडा करारी. बाजूला ढाली धरलेले देवदूत.

आणि सगळ्यात खाली, दगडी जाळीमागे, तीच ॲलिस पुन्हा. कफन अर्धवट सुटलेलं, बरगड्या वर आलेल्या, गळा सुकलेला, केस मागे पसरलेले. मेल्यावर काय होतं ते शिल्पकारानं काही न लपवता कोरलंय. मी आधी दचकलेच.

तिच्या नजरेसमोर, वरच्या छताला रंगवलेलं चित्र आहे: मेरीला देवदूत येशूच्या जन्माची बातमी सांगतोय. उभ्या माणसाला ते दिसत नाही. ते काढलंय त्या सांगाड्यानं बघावं म्हणून! एवढ्या श्रीमंत बाईनं सगळ्यात खासगी गोष्ट कुठे ठेवली बघा. थडग्याचं बाकी वैभव माझ्या लेखी या एका चित्रापुढे फिकं.

मी उठले, पाठ झटकली. पश्चिमेच्या दारातून पायऱ्या उतरलं की विटांचा चौक लागतो. १४३७ मध्ये या नवराबायकोनं तेरा गरीब म्हाताऱ्यांसाठी उभारलेला आश्रम. आपल्या आत्म्यांसाठी रोज प्रार्थना करायची, ही राहण्याची अट. त्याच्या खालच्या अंगाला त्यांचीच शाळा, जी अजून भरते. आश्रमातही लोक राहतात. एका उंबऱ्याशी रबरी बूट वाळत ठेवले होते. आम्ही पाय न वाजवता चौक ओलांडला.