आमची वाटचाल : बोअरिंग मशीन, जुन्या फियाट आणि भंगारात गेलेलं एक इंजिन

वागळे इस्टेटला बाबांचं छोटं शेड होतं, एक लेथ, एक बोअरिंग मशीन आणि क्रँक ग्राइंडिंग. टॅक्सीवाल्यांच्या फियाटचे ब्लॉक, म्हणजे इंजिनाचे मुख्य सांगाडे यायचे. आतली पिस्टनची भोकं झिजली की ती बोअर करून, म्हणजे कातून, थोडी मोठी करायची, वीस साइझ, मग तीस, मग चाळीस, आणि त्याच्याही पुढे गेलं की आत स्लीव्ह, म्हणजे नवी नळी ठोकून परत स्टँडर्ड पिस्टन. कुर्ल्याला पद्मिनी, म्हणजे तीच फियाट, बनायची थांबली, टॅक्स्या हळूहळू कमी झाल्या, आणि नव्या गाडीचं इंजिन बोअर करायला कोण आणतंय? २००८ ला मी शेड हातात घेतलं तेव्हा महिन्याला चार ब्लॉक आले तरी मोठी गोष्ट.

वाचवलं ते हौशी लोकांनी. आजोबांची फियाट, वडिलांची अँबॅसिडर, बिल्डिंगखाली कव्हर टाकून ठेवलेली. धूर मारते, ऑइल खाते, काहीतरी करा. आणि खरं सांगतो, तेव्हा मी सोपा रस्ता धरला. फियाटमध्ये प्रीमियरच्या ११८ एनई गाडीचं निस्सानचं इंजिन. कागदावर १०८९ सीसीच्या जागी ११७१, म्हणजे फरक काहीच नाही, पण गायमुखचा चढ चढताना माणूस खूश व्हायचा. माउंटिंग नवीन वेल्ड करा, प्रोपेलर शाफ्ट कापा, स्टेअरिंगजवळचा गिअरचा दांडा काढून तो खाली घ्यायला फ्लोअरला भोक पाडा. ते भोक मला तेव्हाही टोचायचं, पण बिल मोठं व्हायचं ना.

नौपाड्याच्या एका काकांची १९७० ची फियाट डिलाइट होती. २०१३ ला तिचं इंजिन बदललं, आरटीओत नवा नंबरपण आरसीवर चढवून घेतला, सगळं रीतसर. जुन्या इंजिनाचं काय करू विचारलं तर म्हणाले, "असू दे रे तुझ्याकडेच." दोन महिन्यांनी जागा अडते म्हणून मी ते भंगारवाल्याला किलोवर देऊन टाकलं.

२०२१ ला पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हीए नंबरचा, म्हणजे व्हिंटेज गाडी म्हणून वेगळ्या नोंदणीचा नियम आला, पण चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल झालेला नको अशी अट. काका लेकीला घेऊन आले, म्हणाले जुनं इंजिन परत बसव. मी कुर्ल्याच्या भंगार बाजारात कित्येक चकरा मारल्या, तसाच १०८९ चा ब्लॉक मिळालाही, पण त्यावरचा नंबर दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा. काका लेकीकडे बोट दाखवून म्हणाले, "हिच्या वेळी हिच्या आईला सिव्हिलला त्याच इंजिनावर नेलं होतं." मी चहा मागवला, दुसरं काय करणार.

त्यानंतर काम घ्यायची पद्धतच बदलली. आता आधी विचारतो, गाडी चालवायची कुठे? कारण व्हीए नंबरची गाडी रोज फिरवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला एवढंच. जो माणूस दर रविवारी जांभळी नाक्यावर भाजीला फियाट नेतो त्याला ओरिजिनलचं व्रत सांगून उपयोग नाही, त्याला बदललेलं इंजिनच बरं. अँबॅसिडरवाल्यांना तर १४८९ च्या जागी इसुझूचं १.८ टाकलं तरी मी नाक मुरडत नाही, कंपनीनेच ते त्याच गाडीत दिलं होतं. पण बरेचदा इंजिन मेलेलंच नसतं हो! २००० पासून पेट्रोलमधलं शिसं गेलं आणि त्या अँबॅसिडरच्या ओतीव हेडमध्ये, म्हणजे ब्लॉकवरच्या झाकणात, व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या सीट खचायला लागल्या, मग कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब जातो आणि मिस्त्री म्हणतो इंजिन बदला. हेड काढायचं, कडक सीट बसवायच्या, काम झालं. आणि आता इथेनॉलवालं पेट्रोल आलंय तर जुने रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरचे डायफ्रॅमपण बघून घ्या, गाडी बंद पडण्याचं अर्ध कारण तिथेच असतं. ब्लॉकला तडा गेला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे मीपण हात टेकतो.

इंजिन बदलायचंच ठरलं तर जुनं आम्ही ठेवत नाही. धुऊन, बोअरमध्ये ऑइल सोडून, तोंडं बंद करून, नंबरचा फोटो काढून टेम्पोने मालकाच्या घरी पोचवतो आणि सही घेतो. बायका चिडतात. चरईत एकांच्या जिन्याखाली आमचं पोचवलेलं एक इंजिन आहे, परवा गेलो तर त्यावर तुळशीची कुंडी ठेवलेली.