५८८ रुपये ८२ पैसे

४९९ वर अठरा टक्के जीएसटी म्हणजे ८९ रुपये ८२ पैसे. बेरीज ५८८.८२. मी जिनिंगच्या ऑफिसात हिशोब बघते, त्यामुळे पासबुकात हा आकडा दिसल्याबरोबर कळालं की हे कुठल्यातरी ४९९ च्या प्लॅनचे पैसे आहेत. आमच्या घरात ४९९ चा प्लॅन एकच होता, फोन कंपनीचं वायफाय. पोरगी नीटच्या क्लासला लातूरला गेली तेव्हाच ते बंद केलं, राऊटर परत दिला, त्याची पोच घेतली. त्यावर दिवाळी होऊन गेली होती.

पासबुक मामंजींचं. मामंजी म्हणजे माझे सासरे, एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर सुट्या पैशावरून लोकांशी हुज्जत घातलेला माणूस. त्यांना पेन्शन आहे ती ईपीएस-९५ ची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाच्या योजनेतली. ज्यांच्या घरात ही पेन्शन नाही त्यांना सांगते, २०१४ साली तिची किमान रक्कम ठरली ती महिना हजार रुपये. मामंजींना त्याहून जास्त येते, पण तीन हजारांना पोचत नाही. त्यातून ५८८ गेले की पाचवा हिस्सा गेला.

बँकेतलं पासबुक छापायचं मशीन बरेच दिवस बंद होतं. ते सुरू झालं त्या दिवशी मामंजी रांगेत उभे राहून एंट्री मारून आले आणि चष्मा लावून ओसरीवर बसले. "सुनबाई, हे कशाचे गं पैसे कटायलेत?" बोट बरोबर त्याच ओळीवर. खाली तसलीच ओळ, त्याच्या खाली आणखी एक. बँकेचे मेसेज त्यांच्या फोनवर यायचे, नाही असं नाही. पण ते इंग्रजीत, आणि आजूबाजूला रमीचे, लोनचे, केवायसीचे शंभर मेसेज. त्यात कोण शोधणार?

आणखी एक ओळ होती, २९५ रुपयांची. ती मला जास्त लागली. एका महिन्यात मामंजींनी पेन्शन आल्या आल्या सगळी काढली होती, आत्याबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. कंपनी वसुलीला आली तर खात्यात पैसे नाहीत. मग बँकेनं दंड लावला, २५० आणि त्यावर पुन्हा अठरा टक्के. म्हणजे जे नेट आम्ही वापरत नाही त्याचे पैसे खात्यात ठेवले नाहीत म्हणून दंड! मामंजी म्हणाले, "प्रवासी परभणीला उतरला, अन् हे पूर्णेपर्यंतचं तिकीट फाडायलेत."

तर हे होतं कसं, ते नीट सांगते, कारण आमच्या गल्लीत निम्म्या लोकांना हे माहीत नव्हतं.

कनेक्शन घेणं हा एक व्यवहार आणि खात्यातून पैसे ओढायची परवानगी देणं हा दुसरा. पहिला संपला म्हणून दुसरा आपोआप संपत नाही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये शाळा मोबाईलवर आली तेव्हा आम्ही हे वायफाय घेतलं. जोडायला आलेल्या पोरानं अर्जासोबत एक आडवा कागद पुढं केला, मामंजींची सही घेतली आणि एक कॅन्सल चेक घेतला. तो आडवा कागद म्हणजे नॅचचा मँडेट. नॅच ही बँकांची खात्यातून आपोआप पैसे वळते करायची व्यवस्था, आणि मँडेट म्हणजे तिला दिलेली लेखी परवानगी. आमच्याकडची प्रत वॉरंटी कार्डांच्या पिशवीत सापडली. रकमेच्या रकान्यात ५८८ नाही, ५००० लिहिलेलं, आणि पुढं टिक 'जास्तीत जास्त' या चौकटीवर. कधी कापायचे, तर 'मागणी येईल तेव्हा'. कधीपर्यंत, तर 'रद्द होईपर्यंत'. आणि खाली मामंजींची सही, पेन्शनच्या कागदावर असते तशी अगदी घोटीव. त्या कागदाच्या जोरावर कंपनीनं एखाद्या महिन्यात ४९९९ मागितले असते तरी बँकेनं देऊन टाकले असते.

मोबाईलवरच्या यूपीआय ऑटोपेचं जरा बरं असतं. तिथं आणि कार्डावर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं पैसे कापायच्या किमान २४ तास आधी कळवावं लागतं, कोण कापणार आणि किती ते सांगून. कार्डांसाठी हा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाला, तेव्हा कितीतरी लोकांचे चालू हप्ते अडकले होते, आठवत असेल. तिथंही १५,००० पर्यंत दर वेळी पिन मागत नाहीत, एकदाच सुरुवातीला टाकायचा. पण निदान ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत गेलं की कुणाकुणाला परवानगी दिलीय ते दिसतं आणि तिथूनच बंद करता येतं. कागदी नॅचला हा २४ तासांचा नियम नाही. कळतं ते पैसे गेल्यावर. बरं, १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच रविवारी आणि सणासुदीलाही चालतं. मामंजींचा अजून विश्वास बसत नाही. "बँक बंद असताना पैसे कोण मोजून देतं?"

कंपनीच्या गावातल्या दुकानात गेलो. एसी, लाल-पांढऱ्या खुर्च्या, टाय लावलेला पोरगा. तो म्हणाला, "इथं फक्त नवीन कनेक्शन होतं, जुन्याचं कस्टमर केअरला बोला." कस्टमर केअरला फोन लावला तर मशीन म्हणतं, नोंदणीकृत नंबरवरून फोन करा. नोंदणीकृत नंबर तोच, जो त्या प्लॅनसोबत मिळाला होता आणि त्याच्यासोबतच गेला. ॲपमध्ये शिरायचं तर ओटीपीही त्याच नंबरवर जाणार. इंग्रजीची निवड दाबून, काहीच न दाबता गप्प बसून, नवीन कनेक्शन पाहिजे असं खोटं सांगून (हे चालतं, नवीन गिऱ्हाइकाला माणूस लगेच भेटतो) शेवटी एक मुलगी लाइनवर आली. तिनं बघितलं आणि खरं ते सांगितलं. लाइन बंद झाली होती, पण बिलाचं खातं चालूच राहिलं होतं. महिना झाला की बिल निघतं आणि वसुलीला जातं. "मॅडम, जास्त घेतलेले पैसे तुमच्या पुढच्या बिलात ॲडजस्ट करून देऊ का?" बंद कनेक्शनचं पुढचं बिल! मी तिला काही बोलले नाही, तिचा काय दोष. तक्रारीचा डॉकेट नंबर मागून घेतला आणि वहीत लिहिला. तो नंबर न घेता फोन ठेवायचा नाही, कारण पुढचं सगळं त्याच्यावर चालतं.

पण खरं सांगायचं तर कंपनीच्या मागं लागून पैसे कटणं थांबत नाही. थांबवायची जागा आपली बँक.

बँकेतला माणूस आधी नाहीच म्हणाला. "मँडेट कंपनीनं टाकलाय, कंपनीच काढणार." वर म्हणाला, असं मधेच बंद केलं तर केस होते. मामंजी घाबरले. केसची गोष्ट साफ खोटी नाही. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायद्यात कलम २५ आहे, देणं असताना खात्यात पैसे न ठेवल्यामुळं असं पेमेंट परत गेलं तर चेक बाउन्ससारखाच गुन्हा होतो. म्हणून कर्जाचा हप्ता चालू असेल तर हा उद्योग करू नका. इथं देणंच नव्हतं, राऊटर परत दिल्याची पोच माझ्या पिशवीत होती. ती टेबलावर ठेवली. म्हणलं, खातं यांचं आहे, सही यांची आहे, हे लेखी अर्ज देऊन आपला मँडेट रद्द करायलेत. त्याला कंपनीची परवानगी लागत नाही. तुम्हाला नाही म्हणायचं तर अर्जावर तसं लिहून द्या.

लिहून कुणी देत नसतं. पलीकडच्या टेबलावरच्या मुलीनं कॉम्प्युटरवर बघून मँडेटचा नंबर काढून दिला. यूएमआरएन म्हणतात त्याला, वीस अक्षरं-आकड्यांचा असतो. आमच्या पासबुकात तो अर्धाच छापला होता. अर्ज मामंजींनी स्वतः लिहिला, मराठीत. खाते क्रमांक, यूएमआरएन, कंपनीचं नाव, 'सदर मँडेट आजपासून रद्द करण्यात यावा व यापुढे कोणतीही रक्कम वळती करू नये', तारीख, सही. दोन प्रती. एकीवर आवकचा शिक्का आणि सही घेतल्याशिवाय ते खुर्चीवरून उठलेच नाहीत. वेबिलावर, म्हणजे कंडक्टरच्या तिकिटांच्या हिशोबाच्या कागदावर, सही घेतल्याशिवाय डेपो न सोडणारा माणूस तो. त्यानंतर ५८८ ची ओळ पुन्हा आली नाही.

गेलेल्या पैशांचं प्रकरण वेगळं. डॉकेटवर उत्तर आलं, 'तक्रारीचं निवारण झालं आहे.' कसलं निवारण, ते नाही. अशा वेळी बरेच लोक ट्रायला, म्हणजे फोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाला लिहितात, पण ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. कंपनीतच दुसरी पायरी असते, अपील प्राधिकरण. २०१२ च्या नियमांनुसार त्याला फी नाही आणि ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. आम्ही अपील केलं. राऊटरची पोच, पासबुकाचं पान आणि डॉकेट नंबर जोडले. सोबत १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली. त्यातलं नेमकं कशानं झालं माहीत नाही, पण बंद झाल्यानंतर कापलेले सगळे पैसे मामंजींच्या खात्यात परत आले. नसते आले तर मी जिल्हा ग्राहक आयोगात जाणार होते. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. "दोन-अडीच हजारासाठी कोर्टात?" असं आमचे हे म्हणाले. मामंजींनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं.

हे कळल्यावर शेजारच्या काकू त्यांचा फोन घेऊन आल्या, त्यांचाही बॅलन्स कटायलाय म्हणून. त्यांची गोष्ट निराळी निघाली, कॉलर ट्यून चालू झाली होती. त्याला बँक लागत नाही, १५५२२३ वर बंद होतं. पण मग बसल्या बसल्या त्यांचं यूपीआयही उघडून बघितलं, तर ऑटोपेच्या यादीत एक सिरियलचं ॲप निघालं. नातवानं एक रुपयात ट्रायल म्हणून घेतलेलं. तेही पिन टाकून काढलं.

राहिले ते २९५. कंपनी म्हणते ते बँकेनं घेतले, आणि बँक म्हणते तुमच्या खात्यात पैसे नव्हते. मी बँकेला लेखी दिलंय की जी मागणीच चुकीची होती ती परत गेली म्हणून खातेदाराला दंड कशाचा. त्याचीही पोच आहे. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटणारं नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, ऑनलाइन, फुकट. चौकशीला १४४४८ नंबर आहे. तीस दिवस पुढच्या आठवड्यात भरतात. मामंजींनी पासबुकातल्या त्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारून ठेवलीय, आणि रोज संध्याकाळी मला विचारतात, "आलं का गं काही?"