आज दिवसभर फक्त ठिपके मोजले

आज दिवसभर एम्स टेस्टच्या प्लेट्स मोजत होते. डोळे पार शिणलेत, पण डोकं भलतंच ताजंतवानं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एखादं रसायन डीएनएत बदल (उत्परिवर्तन) घडवतं का, म्हणजे त्यातून कॅन्सरचा धोका संभवतो का, हे ही चाचणी पाहते. तिच्यातले साल्मोनेला जिवाणू मुद्दाम अधू केलेले असतात. त्यांना वाढीला लागणारं हिस्टिडिन हे अमिनो आम्ल स्वतः बनवता येत नाही आणि प्लेटमध्ये ते नावापुरतंच असतं. म्हणजे उपासमार ठरलेली. पण तपासायच्या रसायनामुळे नेमक्या जागी उत्परिवर्तन झालं, तर बिघाड दुरुस्त होतो आणि ३७ अंशांवर ४८ तासांत जिवाणूंची टपोरी वसाहत, म्हणजेच एक ठिपका, उभी राहते. काहीच न घातलेल्या प्लेटवरही थोड्या वसाहती आपोआप येतातच, त्यामुळे तुलनेशिवाय आकड्याला काडीची किंमत नाही.

आजचा नमुना एकटा असताना अगदी साळसूद. उंदराच्या यकृताचा अर्क मिसळला आणि प्लेट ठिपक्यांनी भरून गेली! काही रसायनांना घातक रूप यकृतच देतं, हे वाचलेलं होतं. समोर बघणं वेगळंच.

ब्रूस एम्स यांनी १९७० च्या दशकात ही युक्ती काढली. अमेरिकेत मुलांच्या झोपायच्या कपड्यांतलं ‘ट्रिस’ हे आगरोधक रसायन १९७७ साली तिच्याच जाळ्यात सापडलं. तेही प्राण्यांशिवाय, असं लिहिणार होते. पण यकृत उंदराचंच ना!

उद्या वेगवेगळ्या मात्रा. मात्रेबरोबर वसाहती वाढत गेल्या तर अहवालात ‘पॉझिटिव्ह’ लिहावं लागेल. मग ‘म्हणजे कॅन्सर होतोच का?’ असा फोन येणार, आणि ‘होतोच असं नाही, पण पुढच्या चाचण्या टाळू नका’ हे मला पुन्हा पहिल्यापासून समजवावं लागणार.